अँटेनाची विद्या

बिनतारी संदेशवहनाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा यंत्राविषयी असते. फोन कोणत्या कंपनीचा, किती किमतीचा, टॉवर कोणाच्या गच्चीवर, रेंज आहे की नाही, एवढ्यावर चर्चा संपते. यंत्र आणि आकाश यांच्यामध्ये धातूचा जो एक तुकडा असतो, आणि ज्याच्यावाचून सगळे यंत्र मुके आणि बहिरे आहे, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. तो तुकडा म्हणजे अँटेना. आमच्या लहानपणी तिला कोणी एरियल म्हणत. पुढे दूरदर्शन आले तेव्हा ती माशाच्या काट्यासारखी घराच्या पत्र्यावर दिसू लागली. त्यानंतर ती ‘छत्री’ झाली. आणि आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे, पण दिसत मात्र नाही.

आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमधले कामगार, हमाल आणि रोजंदारीवरची माणसे यांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा हा विषय आम्ही का घ्यावा, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. या विद्येतील एक फार मोठे काम महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात, थोड्या पैशांत झाले आहे आणि ते वऱ्हाडच्या माणसाला ठाऊक असावे, हे पहिले. दुसरे असे की मेळघाटातील माणसाला रेंज मिळत नाही, ही तक्रार आम्ही सारेच करतो. पण तक्रारीचे मागणीत रूपांतर करावयाचे तर ज्याची मागणी करावयाची त्या वस्तूचे ज्ञान हवे. गिरणीचा हिशेब वाचता आल्यावाचून बोनसची मागणी नीट मांडता येत नाही, तसेच हे आहे.

तार आणि तरंग

विहिरीत खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात. तारेतून विजेचा प्रवाह एकसारखा मागे-पुढे, मागे-पुढे असा हलविला तर तारेभोवतीही लाटा उठतात आणि त्या दूर पसरत जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर असतो. असे तरंग असले पाहिजेत हे मॅक्सवेलने १८६५ साली गणिताने मांडले, आणि जर्मनीत हर्ट्झने १८८७-८८ साली ते प्रयोगाने दाखविले. ज्या तारेतून तरंग सुटतात तशीच दुसरी तार दूरवर उभी केली, की येणारे तरंग तिच्यात विजेचा अगदी क्षीण प्रवाह उत्पन्न करतात. पहिली तार बोलणारी, दुसरी ऐकणारी. जी तार चांगले बोलते तीच चांगले ऐकते, हा अँटेनाचा एक सोयीचा धर्म आहे.

आता या तारेची लांबी किती असावी? ती मनाला येईल तशी ठेवून चालत नाही. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. अँटेना तरंगलांबीच्या निम्मी किंवा पाव असली म्हणजे तिच्यात प्रवाह सहज झुलतो. झोका नेमक्या वेळी ढकलला की थोड्या जोरात उंच जातो, तसा. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्या पिढीने ते ५८५ किलोहर्ट्झवर ऐकले. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर, तिचा पाव हिस्सा १२८ मीटर. मध्यम लहरींच्या केंद्रांना शंभर-सव्वाशे मीटर उंचीचे खांब का लागतात, याचे उत्तर एवढ्या भागाकारात आहे. मोबाइल फोनची ९०० मेगाहर्ट्झची लहर मात्र ३३ सेंटिमीटरांची आहे. तिची अँटेना वितीएवढी पुरते. लहर आखूड झाली तसतशी अँटेना खांबावरून छपरावर, छपरावरून हातात आणि हातातून फोनच्या पाठीआड गेली.

जोर आणि दिशा

उघड्या माळावर कंदील ठेवला तर उजेड चारी दिशांना पसरतो आणि थोड्या अंतरावर मंद होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. तिप्पट झाले की नववा. बिनतारी तरंगांचेही असेच आहे. दूर पोहोचावयाचे तर दोन वाटा आहेत. एक, तेल ओतून ज्योत मोठी करावी. दुसरी, ज्योतीमागे आरसा लावून सगळा उजेड एका दिशेला वळवावा. पहिल्या वाटेला वीज लागते, पैसा लागतो. दुसऱ्या वाटेला बुद्धी लागते. अँटेनाच्या विद्येची गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील वाटचाल ही दुसऱ्या वाटेची वाटचाल होय.

हर्ट्झनेच आपल्या प्रयोगात वाकविलेल्या धातूच्या पत्र्याचा आरसा वापरला होता. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्या गोळा करण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड असलेली नळी वापरली. शिंगाच्या आकाराची ही अँटेना आजही मोठमोठ्या तबकड्यांच्या केंद्राशी बसविली जाते. महाराष्ट्रात १९२७ साली खडकी आणि दौंड येथे इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन करणारी केंद्रे सुरू झाली. खडकीने संदेश पाठवावयाचा आणि दौंडने घ्यावयाचा. त्या पद्धतीचे नावच ‘बीम’, म्हणजे झोत, असे होते. उंच खांबांवर तारांची रांग, तिच्या मागे परावर्तन करणाऱ्या तारांची दुसरी रांग, आणि सगळा झोत विलायतेकडे. पूर्वीच्या लांब लहरींच्या अवाढव्य केंद्रांपेक्षा कितीतरी कमी विजेत हे काम होऊ लागले.

माशाच्या काट्यासारखी जी अँटेना आपण पत्र्यावर पाहिली, ती जपानमधील सेंदाई येथील यागी आणि उदा या दोघांनी १९२६ साली जगापुढे मांडली. तिच्यात एकाच आडव्या दांडीला तार जोडलेली असते. बाकीच्या दांड्या नुसत्या उभ्या असतात. परंतु त्यांची लांबी आणि अंतर असे मोजून ठेवलेले असते की समोरून येणारी लाट त्या पुढच्या दांडीकडे सोपवीत जातात आणि मागची दांडी तिला परत फिरविते. अँटेना थोडी फिरली की चित्रात मुंग्या का येत आणि घरातल्या एकाने पत्र्यावर चढून ‘आता दिसते का?’ म्हणून का ओरडावे लागे, ते यावरून कळेल. दिशेला किंमत होती.

खोडदची चाळणी

सर्वांत उत्तम आरसा म्हणजे वाडग्यासारखी तबकडी. तिच्या आकाराला गणितात अन्वस्त म्हणतात. त्याचा गुण असा की समोरून सरळ आलेले सगळे तरंग परावर्तित होऊन एकाच बिंदूवर, आणि एकाच वेळी, पोहोचतात. तबकडी जितकी मोठी तितके अधिक तरंग गोळा होणार आणि तितका झोत बारीक होणार. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आर्वी नावाचे गाव आहे. वर्धा जिल्ह्यातील आपली आर्वी ती वेगळी. तेथे १९७१ साली सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली आणि उपग्रहाच्या द्वारे परदेशी दूरध्वनी होऊ लागले.

परंतु मोठी तबकडी बांधणे म्हणजे खर्चाचा डोंगर. पत्र्याचा वाडगा वाऱ्यात शिडासारखा फुगतो. त्याला तोलून धरावयास जड सांगाडा. सांगाडा फिरवावयास जड यंत्रे. व्यास दुप्पट केला तर खर्च दुपटीवर थांबत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो. श्रीमंत देशांनी हा खर्च केला. आमच्या देशाला तो झेपणारा नव्हता. अशा वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांनी जे केले ते विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वरूप यांचा जन्म १९२९ चा. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात काम करून आले होते. तेथे वापरून झालेल्या, सहा फुटी ३२ लहान तबकड्या भारताला देणगी म्हणून मिळाल्या, आणि त्याच १९६५ साली कल्याणजवळ उभारून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्याच्या जुन्या साहित्यावर आरंभ झाला, पण तेथे थांबले नाहीत. १९७० साली उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळीसारखी दुर्बीण झाली. तिच्यासाठी टेकडीचा असा उतार निवडला की तो त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे ११ अंशांचा असावा. त्यामुळे एकाच अक्षावर फिरवून आकाशातील वस्तूचा माग काढता येऊ लागला. जे काम महागड्या यंत्रणेने व्हावयाचे ते टेकडीकडून करून घेतले.

नंतर आले नारायणगावजवळचे खोडद. तेथे आणि आजूबाजूच्या शिवारात १९९० च्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा तबकड्या मध्यभागी सुमारे एका चौरस किलोमीटरात, आणि सोळा तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा. तीसही तबकड्यांच्या तोंडांचे क्षेत्रफळ मिळविले तर ते साडेअकरा एकरांहून अधिक भरते. एवढे क्षेत्र परवडले कसे? स्वरूप यांनी पत्रा काढून टाकला. पोलादी नळ्यांच्या सोळा कमानी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पोलादी तारेचे दोर ताणले, आणि दोरांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बसविली. जाळीची भोके मध्यभागी एक सेंटिमीटरची आणि कडेला दोन सेंटिमीटरांची. येथे कोणालाही शंका येईल की भोकांतून लाट गळून जाणार नाही काय? नाही जाणार. ज्या लहरी तेथे पकडावयाच्या त्यांतील सर्वांत आखूड लहर वीस-एकवीस सेंटिमीटरांची आहे. एवढ्या लाटेला ती भोके दिसतच नाहीत. तिच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार निघून जातो. चाळणीतून पीठ गाळावे आणि कोंडा वर राहावा, तसा वारा गाळला आणि लाट ठेवली. वारा गेला म्हणून सांगाडा हलका झाला, सांगाडा हलका झाला म्हणून यंत्रे लहान झाली आणि खर्च आवाक्यात आला.

या जाळीला किती बारीक ऐकू येते, याचा एकच दाखला देतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचे लहानसे प्रक्षेपक जवळच्या उपग्रहांशी बोलण्यापुरते होते. तेव्हा मंगळ आपल्यापासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता आणि तेथील तरंगाला येथे यावयास पावणेदहा मिनिटे लागत होती. तरीही खोडदच्या तबकड्यांनी तो क्षीण आवाज पकडला, आणि उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला तेही टिपले. ते यान मंगळावर आपटून फुटले. आवाज कोणत्या क्षणी थांबला, ही नोंद पुढच्या तपासाला उपयोगी पडली.

एका ठेक्यावर

खोडदच्या तीस तबकड्या एकीसारख्या कशा वागतात, हा प्रश्न उरतो, आणि आजच्या टॉवरवरील नव्या अँटेनांचे रहस्यही त्यातच आहे. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर लेझीम ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शंभर जण आपापल्या मनाने लेझीम वाजवू लागले तर गोंगाट होतो. तेच शंभर जण एका ठेक्यावर आले तर तो आवाज गल्लीपलीकडे ऐकू जातो. हातांचा जोर तेवढाच असतो. सरकीचे पोते किंवा रुईची गाठ उचलताना हमाल जो एकदम हुंकार देतात तोही शोभेसाठी नसतो. सर्वांचे बळ एका क्षणी लागावे म्हणून असतो.

लाटांचेही तसेच आहे. दोन लाटांचे माथे एकत्र आले तर लाट दुप्पट उंच होते. एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला तर दोन्ही मावळतात. अनेक लहान अँटेना ओळीत मांडून प्रत्येकीला किंचित आगेमागे बोलावयास लावले, तर एका विशिष्ट दिशेला सगळ्यांचे माथे जुळतात आणि तिकडे झोत जातो. दुसऱ्या दिशांना ते परस्परांना मारतात. आगेमागेपणा बदलला की झोताची दिशा बदलते. खांब हलवावा लागत नाही, तबकडी फिरवावी लागत नाही.

आता टॉवरकडे पाहावे. त्यावर बहुधा दोन प्रकारच्या वस्तू दिसतात. गोल ढोलकीसारख्या दिसतात त्या तबकड्या एका टॉवरचा दुसऱ्या टॉवरशी संबंध जोडतात. उभ्या, लांबट पेट्या असतात त्या आपल्या फोनशी बोलतात. तीन बाजूंना तीन, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला वर्तुळाचा तिसरा हिस्सा. पेटीच्या आत लहान अँटेनांची उभी रांग असते. रांग उभी असल्यामुळे झोत भाकरीसारखा चपटा होऊन जमिनीलगत पसरतो, आकाशात वाया जात नाही.

आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झाले. त्याची एक महत्त्वाची लहर साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरांची आहे. लहर एवढी आखूड असल्यामुळे एका पाटावर अँटेनांच्या अनेक रांगा मावतात, आणि त्यांना ३२ किंवा ६४ स्वतंत्र वाहिन्यांनी चालविता येते. शेजारच्या दोन अँटेनांच्या बोलण्यात एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी फरक ठेवून झोत वळविला जातो. एकाच वेळी एक झोत राजकमल चौकातल्या माणसाकडे आणि दुसरा बसस्थानकाकडे धाडता येतो, आणि दोघांची लहर एकच असूनही घोटाळा होत नाही. आकाश तेवढेच राहून त्यात अधिक माणसांची सोय झाली.

फोनमध्ये बसणारी अँटेना ही स्वतंत्र कसरत आहे. एका पातळ तक्त्यावर तांब्याचे चौकोनी ठिगळ लावून ती करतात. ठिगळाची खोड अशी की ते एकाच लहरीशी जमवून घेते. दुसऱ्या लहरींना दाद देत नाही. ते अनेक लहरींना उपयोगी कसे पडेल यावर मुंबईत पुष्कळ काम झाले. पवईच्या आय. आय. टी.तील गिरीश कुमार आणि ‘समीर’ या संशोधन संस्थेतील के. पी. राय यांचे या विषयावरील पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. ठिगळाशेजारी दुसरी ठिगळे ठेवणे, एकावर एक थर देणे, त्यात चीर पाडणे, अशा युक्त्यांनी त्याची श्रवणशक्ती कशी रुंदावते याची मांडणी त्यात आहे.

वऱ्हाडचा प्रश्न

ही विद्या घेऊन आता मेळघाटात चढावे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत डोंगरांच्या कुशीत कोरकूंच्या वस्त्या आहेत. आखूड लहर सरळ रेषेत चालते. डोंगर आड आला की पलीकडे सावली पडते. बाळंतिणीसाठी गाडी बोलवावयाची तर कोणीतरी उंचवट्यावर पळत जाऊन फोन करावयाचा, असे त्या सावलीत घडते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० वंचित गावांना ४जी सेवा पोहोचविण्याचा निर्णय घेऊन ते काम भारत संचार निगमकडे सोपविले. निर्णय चांगला आहे. पण ‘टॉवर द्या’ एवढ्या मागणीने काम भागत नाही. टॉवर दरीत उभा केला तर तो दरीपुरताच राहतो. लांब लहर, उदाहरणार्थ ७०० मेगाहर्ट्झची, डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते. तेव्हा अशा मुलखाला कोणती लहर दिली, हे विचारले पाहिजे. पेट्यांची तोंडे रस्त्याकडे आहेत की वस्तीकडे, हे विचारले पाहिजे. टॉवरला मागचा दुवा कोणता, आणि वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते, हेही विचारले पाहिजे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. अकोल्यातही तंत्रशिक्षण घेणारी मुले आहेत. या मुलांनी मेळघाटातील गावोगावी जाऊन कोठे किती क्षीण लहर पोहोचते याचा नकाशा करावा. तो नकाशा हाती असला तर अर्ज फेटाळणे कोणालाही अवघड जाईल.

शहरात तक्रार नेमकी उलटी असते. टॉवर नको, त्याने आजार होतात, असे लोक म्हणतात. त्या भीतीला हसण्यात अर्थ नाही. आपल्या सरकारने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश अशी ठरविली. मर्यादा ठरविली म्हणजे ती पाळली जाते असे नव्हे, म्हणून मोजणी मागावी. मात्र मागताना एवढे ध्यानात ठेवावे की झोत पेटीच्या समोर जातो. ठीक खाली तो क्षीण असतो. ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्यापेक्षा समोरच्या उंच माळ्यावरचे घर आधी मोजावे.

शेवटी ज्यांच्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्यांच्याविषयी. दिशा गणिताने ठरते, पण पेटी त्या दिशेला वळवून नटबोल्ट आवळणारा माणूस चाळीस मीटर उंचीवर लटकलेला असतो. असा एक तरुण आमच्याकडे आला होता. कंत्राटदाराने त्याला कमरेचा एक पट्टा दिला होता. दुसरा दोर नव्हता, विमा नव्हता, हजेरीपत्रकावर नावही नव्हते. पेटी एका-दोन अंशांनी चुकली तर एक वस्ती सावलीत जाते, हे त्याला पक्के ठाऊक होते. इतक्या जबाबदारीचे काम ज्याच्या हातून होते त्याला दोन दोर, शिरस्त्राण, विमा आणि शिकल्याचा दाखला मिळाला पाहिजे, आणि वादळवाऱ्यात चढण्यास नकार देण्याचा हक्क मिळाला पाहिजे.

खोडदला पैसा कमी होता, पण तेथे विचार कमी पडू दिला नाही. ज्या महाराष्ट्रात मंगळावरचा क्षीण आवाज ऐकण्याची जाळी विणली गेली, त्याच महाराष्ट्रात धारणीच्या डोंगरातला आवाज ऐकू येऊ नये याला विज्ञानाचे कोणतेही कारण नाही. कारणे दुसरी आहेत, आणि ती दूर करणे आपल्या हातात आहे. या व्याख्यानानंतर पाच-दहा विद्यार्थी मोजणीच्या कामास पुढे आले, तर नकाशाची सुरुवात याच उन्हाळ्यात करता येईल.